दत्तारामचा उजवा कान

१९९१ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा, गोदीतून नुकताच रिटायर झालेला मुकादम. त्या साली आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगने एक फोटो काढून घेतला होता, तो अजून माझ्या भिंतीवर आहे. त्यात एकवीस माणसं तुमच्याकडे बघतायत आणि एकाची नुसती पाठ दिसतेय. ती पाठ दत्ताराम पेडणेकरची, माझ्या शेजाऱ्याची.

फोटो म्हटला की हा वळायचाच. फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे बघा ना." हा म्हणाला, "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतोय."

त्याचं कामच ते होतं. हिंदी पिक्चरमध्ये हिरोचा डबल रोल असतो ना, तेव्हा दोघं समोरासमोर बोलायला लागले की एकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याचा खांदा. तो खांदा हिरोचा नसतो, बाहेरून आणलेल्या माणसाचा असतो. असा दत्ताराम सात पिक्चरांत होता. चेहरा एकातही नाही. "चेहरा काय, सगळ्यांनाच असतो," म्हणायचा. "पाठीने काम करायला कसब लागतं." पाठीलाही राग येतो, हसू येतं, असं सांगून जिन्यात आम्हाला पाठीने हसून दाखवायचा. खांदे जरासे हलायचे. शर्टाला इस्त्री फक्त मागच्या बाजूने करायचा. पुढचं कोण बघतंय, म्हणायचा.

आता माझं सांगतो. मी दुसरीतून शाळा सोडली आणि पुढच्या चाळीस वर्षांत होती तीही अक्षरं पुसली गेली. हे लिहितोय ते नंतरचं शिकणं. पण तेव्हा ही गोष्ट कोणाला कळू द्यायची नाही, असा माझा बाणा. कागद समोर आला की खिसे चाचपायचे आणि म्हणायचं, "चष्मा घरी राहिला वाटतं." दत्ताराम काही न बोलता कागद घ्यायचा. गावाहून आलेलं भावाचं पत्र असो की लाइटचं बिल, सावकाश वाचून दाखवायचा. माझ्याकडे चष्मा नाहीच, हे त्याला ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला मोकळ्या जागेत कापड बांधून पिक्चर लावायचा ठरला. दत्तारामने हट्ट धरला की त्याचाच एक विनोदी पिक्चर आणायचा. एक हलवाई आणि एक फौजदार, दोघं दिसायला एकसारखे. फौजदाराचा सासरा हलवायाला पकडून घरी नेतो आणि चोर येऊन फौजदाराकडे जिलेबी मागतात, असला सगळा घोळ. रिळांसाठी दत्तारामने चार खेपा घातल्या. कारण तसंच होतं. लहानपणी बैलाच्या शिंगाने त्याच्या उजव्या कानाची पाळी अर्धी गेलेली. शूटिंगला ती केसांनी झाकायचे. या एका पिक्चरमध्ये वाऱ्याने केस उडाले आणि तुटका कान पडद्यावर तसाच राहून गेला. सात पिक्चरांत मिळून एवढाच पुरावा. त्याची बायको जिवंत असताना थेटरात कान दिसला की त्याला कोपराने ढोसायची. ती गेली. आता उरली मुलगी सुनंदा, आणि तिचा नवरा याला तोंडावर फेकाडे सासरे म्हणायचा. तो जावई त्या दिवशी चौक गावाहून मुद्दाम येणार होता.

दिवेलागणीला मी गेलो तर पुढच्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची नाही. चाळीस माणसं हाताखाली वागवलेला मी. स्टूल उचललं आणि कापडाच्या पलीकडे, पोरं बसली होती तिथे जाऊन बसलो. चित्र तिकडूनही दिसतं. दत्ताराम मागोमाग आला. "मुकादम, पुढे चला, माझी खुर्ची घ्या," म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

पिक्चर सुरू झाला. हिरो डाव्या हाताने जेवत होता. विनोदी पिक्चर आहे, असेल, असं म्हणून मी हसलोसुद्धा. मग दोघं एकसारखे समोरासमोर आले, वारा सुटला, पाठमोऱ्याचे केस उडाले. कान तुटका होता खरा. पण डावा.

रीळ बदलायला दिवे लागले तसा मी स्टूल उचलून पुढे गेलो. गोदीतला आवाज माझा, माइक लागत नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की पडद्यावरचा कान डावा आहे आणि आपल्या दत्तारामचा उजवा. कोणा दुसऱ्याच्या पाठीवर हा इतकी वर्षं मिरवतोय. पुढच्यांना कान क्षणभरच दिसला होता, उजवा की डावा कोणी बघितलं नव्हतं; मुकादम बोलला म्हणजे बघूनच बोलला असणार, असं लोकांनी धरलं. आधी जावई हसला, मग सगळे. सुनंदा खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली.

दत्ताराम माझ्याकडे बघत होता. मग त्याने कापडाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या स्टुलाकडे. आणि म्हणाला, "असेल, मुकादम. पाठ काय, सगळ्यांनाच असते."

उरलेला पिक्चर त्याने बघितला नाही. मी बघितला. खुर्चीत बसून. त्याची खुर्ची रिकामीच होती.

चार दिवसांनी मी सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. आरशात बघतो तर दत्ताराम आत येतोय, आणि त्याचा कान तुटका, डावा. मी मान वळवली. उजवा. पुन्हा आरशात बघितलं. डावा. न्हावी वैतागून म्हणाला, "चाचा, हिलो मत, कट जाएगा." गालाला साबण तसाच, आणि मला तो डाव्या हाताने जेवणारा हिरो आठवला. कापडाच्या मागून सगळंच उलटं दिसतं. पिक्चरच्या सुरुवातीच्या नावांची अक्षरंही उलटी आली असणार. ज्याला वाचता येतं त्याला ती पहिल्या मिनिटाला दिसली असती.

म्हणजे त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं. अक्षरं उलटी होती, मुकादम, दिसली नाहीत का? एवढं एकच वाक्य. मग लोक मला हसले असते.

मी टॉवेलने तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीस रे?"

दत्ताराम बाकावर बसून जुना पेपर चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही चष्मा विसरला होता ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि स्टेशनजवळच्या बसथांब्यावर गेलो. चौकला जाऊन जावयासमोर बसायचं आणि मी कुठे बसून काय बघितलं ते त्याला सांगायचं, एवढं ठरवून निघालो होतो. एकामागे एक बसगाड्या येत होत्या. शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती. तिला म्हटलं, "बाळ, चौकची बस आली की सांगशील का? मला पाटी वाचता येत नाही."

"चष्मा विसरलात का, आजोबा?"

हात खिशाकडे गेला होता, तो मी खाली घेतला. म्हणालो, "नाही."