कासीम सारंगांची बिनमजकुराची कार्डं

श्रीवर्धनच्या टपालकचेरीत कासीम सारंग शिरले की मी हातातला शिक्का आधी खाली ठेवायचो. न ठेवला तर ते खिडकीतून हात घालून सरळ माझं मनगट धरायचे. तिकिटावर शिक्का मारणं हे माझं काम आहे, सरकार मला त्याचाच पगार देतं, हे मी त्यांना हरप्रकारे समजावून पाहिलं. त्यांचंही शिक्क्याशी भांडण नव्हतंच. तो तोंडावर मारायचा नाही, एवढंच. तिकिटावर राजाचं तोंड असतं. शिक्का मानेच्या खाली, कोपऱ्यात, जेमतेम टेकवायचा.

"मास्तर, कपडे धुतोस काय धोंड्यावर?" ते म्हणायचे. "अदब म्हनून काय चीज हाय का न्हाय?"

जगात अदब उरली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तिकिटामागच्या डिंकाला अदब नव्हती, कारण तो दमट हवेत आधीच चिकटून बसायचा. मुंबईच्या बोटीला नव्हती, कारण ती भरतीची वाट पाहायची नाही. मला तर मुळीच नव्हती, कारण एकदा घाईत मी तिकीट जिभेवर ओलं केलं. त्या दिवशी ते इतके तापले की मी पुढच्या आठवड्यात वाटीत पाणी आणि फडका घेऊन बसू लागलो. पेणहून बदली होऊन आलेला मी, घरी कोणाचं ऐकत नव्हतो, आणि इथे एका म्हाताऱ्या खलाशाच्या धाकाने तिकिटांना आंघोळ घालत होतो. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

मिठाच्या चळवळीच्या दिवसांत तर त्यांनी मला तुरुंगातच घातलं असतं. शिक्का जरा मध्यावर पडला, आणि चाचा (सारा गाव त्यांना चाचाच म्हणायचा) सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, की हा मास्तर राजाच्या तोंडाला काळं फासतो. चौकीतून संस्थानचे फौजदार दोन शिपाई घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, टपालकचेरीत मिरवणूक शिरली. फौजदारांना खरा प्रकार समजावताना मला घाम फुटला, आणि चाचा मध्येच त्यांच्यावरच घसरले, कारण फौजदारांच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं. फौजदारांनी बटण लावलं आणि ते निमूट परत गेले.

चाचांनी उभी हयात आगबोटीवर काढली होती. खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. एडन, पोर्ट सैद, डर्बन, मार्सेल्स, जिथे बोट लागली तिथून त्यांनी चित्रांची कार्डं घेतली. गुळगुळीत, रंगीत, एकेक बघत राहावं अशी. बाजार, दीपगृह, उंटांची रांग, दगडी पूल. ही सगळी कार्डं त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत मेणकापडात गुंडाळून ठेवलेली होती, आत लवंगा टाकून, वाळवी लागू नये म्हणून. आणि आता म्हातारपणी ते ती एकेक करून टपालात टाकायला निघाले होते. तीही दूरदेशी नव्हे. श्रीवर्धन, दिवेआगर, फार तर बोर्ली.

त्यांना लिहिता येत नसे. पत्ता मी लिहायचा. त्यातही सुख नव्हतं. माझा 'ह' त्यांना उपाशी वाटायचा. वाचता येत नव्हतं, पण अक्षर खातंपितं आहे की नाही हे त्यांना लांबून कळायचं. पत्ता झाला की मी मजकूर विचारायचो, कारण कार्डाची अर्धी बाजू कोरीच असायची.

"मजकूर काय? चित्र दिसत न्हाय तुला?"

कार्डं जायची ती बहुतेक बायकांच्या नावावर. कोण म्हणून विचारलं तर एक भाची असायची, दुसरीही भाची, तिसरी सून. माणसाला इतक्या भाच्या असू शकतात, आणि साऱ्यांचे नवरे बोटीवर, याचं मला नवल वाटायचं. पण खातं टपालाचं, वंशावळीचं नव्हे, म्हणून मी गप्प बसायचो.

मग सरकारने राजाच्या राज्याची पंचवीस वर्षं झाली म्हणून चित्रांची तिकिटं काढली. राजाच्या शेजारी ताजमहाल, रामेश्वरचं देऊळ, अमृतसरचं सोन्याचं मंदिर. मला वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल. चाचांनी तिकिटं हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. एवढा मोठा ताजमहाल सरकारने नखावर बसवला, हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तरी त्यांनी ती घेतली, रोज घेतली, आणि शिक्क्याचा प्रश्न आणखी बिकट झाला. आता राजाला वाचवावं तर घुमटावर पडतो. तिकिटाच्या एका टोकाला बोटभरही नाही अशी जागा त्यांनी शोधून काढली आणि मी तिथे शिक्का टेकवू लागलो. मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावरून माझी खरडपट्टी काढली. इकडे साहेब, तिकडे चाचा. त्या पावसाळ्यात मी दोनदा बदलीचा अर्ज केला.

भडका उडाला तो हलीमाच्या कार्डावरून.

हलीमा ही दाऊद नाखव्यांची सून. नाखव्यांचं स्वतःचं गलबत होतं, सुपारी-नारळ मुंबईला न्यायचे. गावात वजनदार माणूस. त्यांचा मुलगा आगबोटीच्या भट्टीवर कामाला होता. लग्न करून पंधरवड्यात गेला तो वर्ष होत आलं तरी परतला नव्हता. शेवटची खबर होती की त्याची बोट रंगूनकडे गेली आहे. आणि एके दुपारी नाखवे माझ्या खिडकीवर थडकले. हातात पोर्ट सैदच्या बाजाराचं कार्ड.

घरात काय झालं ते त्यांनी कार्ड खिडकीवर आपटत सांगितलं. कार्ड आलं, हलीमाने चित्र पाहिलं, आणि नवऱ्यानेच धाडलं म्हणून ती घरभर नाचली. शेजारणींना बोलावून दाखवलं. सासूने खीर केली. मग कोणीतरी खलाशी चित्राखालचं नाव वाचून म्हणाला की हे पोर्ट सैद, रंगूनच्या बरोब्बर उलट दिशेला. झालं. पोरगा बोट सोडून पळाला, तिकडे दुसरा संसार मांडला, इथपर्यंत गोष्ट दुपारच्या आत पोचली. सून जेवायची थांबली. शेवटी नाखव्यांनी कार्ड उलटवलं तेव्हा त्यांना शिक्का दिसला.

"चित्र पोर्ट सैदचा, शिक्का श्रीवर्धनचा," ते मला म्हणाले. "मास्तर, पोर्ट सैद हितं आला का श्रीवर्धन तिकडं गेला?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून चाचांचा आवाज आला. ते दुसरं कार्ड घेऊन दारातच उभे होते. ते कार्ड आपण धाडलं, असं त्यांनी सांगितलं. आणि माफी वगैरे न मागता उलट नाखव्यांनाच झाडायला सुरुवात केली. तुझा पोरगा वर्षात एक ओळ धाडत नाही, ही कुठली रीत. पोरगी दर बुधवारी डाकवाल्याच्या वाटेला डोळे लावून बसते, ते तुला दिसत नाही. त्याला अदब शिकवली असतीस तर मला पेटी उघडावी लागली नसती.

नाखव्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. परक्या बाईला कार्ड धाडणाऱ्याने आम्हाला अदब शिकवायची, असं ते म्हणाले, मी सांगू नये असं आणखीही काही म्हणाले. खिडकीपुढे माणसं जमली. चाचांनी आवाज आणखी चढवला. मग नाखवे एकदम खालच्या आवाजात बोलले.

"कासीम, तुझी बायको आमिना याच खिडकीवर येऊन विचारायची, माझ्या नावाचं काय हाय काय. बारीक पोर व्हतो तरी मला याद हाय. तू काय धाडलंस तिला?"

चाचांनी हातातलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं, पत्ता न सांगताच, आणि ते निघून गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. पहिले काही दिवस मी मजेत होतो. मनसोक्त शिक्के मारले. मग बुधवार आला, टपालाची पिशवी उघडली, पत्रं लावली, आणि दारात कोणी ओरडेना. मला विनाकारण चिडचिड व्हायला लागली. डाकवाल्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, मास्तर, तुम्ही चाचांसारखे बोलायला लागलात.

एक दिवस खिडकीवर बुरख्यातल्या एक वयस्कर बाई आल्या. नाखव्यांच्या बायको. त्यांना एक कार्ड लिहून हवं होतं. कासीम सारंगांच्या नावाने. मी टाक उचलला. त्या स्वतःच्या मनाचं एक अक्षरही बोलल्या नाहीत. सुनेने पाठ करून दिलेलं तसंच्या तसं सांगत गेल्या. माझ्या नवऱ्याचं खत आलं, तो रंगूनला खुशाल आहे. तुमचं कार्ड मी टाकलं नाही, भिंतीला लावलंय. चित्रातल्या त्या निळ्या दाराच्या दुकानात काय विकतात ते मला कळत नाही. तुम्ही पाहिलं असेल तर सांगा.

"आनि ताजमहालाचा तिकीट लाव," एवढं मात्र त्या आपलं म्हणून बोलल्या.

ते कार्ड मी डाकवाल्याकडे दिलं नाही. कचेरी बंद करून स्वतः घेऊन गेलो. चाचा ओटीवर दोर वळत बसले होते. कोणाचं म्हणून त्यांनी विचारलं, मी त्यांचंच म्हटलं, तर ते माझ्यावर खेकसले. त्यांना कधी टपाल आलेलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

मग ते दोराकडे बघत बोलू लागले. कार्डं ते आमिनासाठीच घ्यायचे. प्रत्येक बंदरात, न चुकता. पण तिला वाचता येत नव्हतं, यांना लिहिता येत नव्हतं, आणि बायकोला चित्र धाडायला बोटीवरच्या कारकुनाकडे जायचं तर बाकीचे हसतील. घरी गेल्यावर हातातच देऊ, म्हणून पेटीत ठेवत गेले. घरी यायचे ते चार दिवस. पाहुणे, छप्पर, दुरुस्ती. पेटी उघडायची राहून जायची. डर्बनला असताना तिच्या जाण्याची खबर मिळाली, आणि त्याच दिवशी सकाळी त्यांनी एक कार्ड घेतलेलं होतं.

"ही पोर विचारते दुकानात काय विकतात," ते म्हणाले. "आमिनानं कदी विचारला न्हाय. मी दाखवलाच न्हाय तर विचारंल कशी?"

उत्तराचं कार्ड लिहू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. टोपी घातली, सदऱ्याची बटणं लावली आणि निघाले. मीही मागोमाग गेलो, कारण मला मारामारीची भीती वाटत होती.

दाऊद नाखवे आपल्या ओटीवर विडी ओढत होते. चाचा अंगणातच उभे राहिले. सलाम झाला, दोघांनीही दुसरीकडे बघत केला. आणि चाचांनी एकदम, भांडायला आल्यासारखं, नाखव्यांना सांगायला सुरुवात केली की निळ्या दाराचं दुकान अत्तरवाल्याचं आहे. तो लबाड आहे, पाणी घालतो. शेजारी पितळेचं दुकान, तिथे एक ग्रीक म्हातारा बसतो. सकाळी रस्त्यावर पाणी मारतात तेव्हा मातीचा वास अगदी आपल्या वाडीसारखा येतो.

नाखव्यांनी ओटीवरचा पाट पुढे सरकवला. चाचा बसले. त्यांची नजर शेवटपर्यंत नाखव्यांवरच होती, अत्तरवाल्याची सगळी लबाडी जणू त्यांनीच केली होती. आतल्या दाराचा पडदा हलला, बांगड्या वाजल्या, आणि कोणीतरी उंबऱ्याशी येऊन बसलं. चाचांनी तिकडे पाहिलं नाही. फक्त आवाज आणखी चढवला, आत नीट ऐकू जावा इतका.