लेथचं संचालक मंडळ

जालिंदर वायरमननं लेथच्या मोटारीचं झाकण उघडलं तर आत सहा वायरी. सहाही काळ्या, सहाही एका लांबीच्या. कोणती कुठं जोडायची हे सांगणारा कागद झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तो उंदरांनी डिंकासकट खाल्ला होता.

गावच्या विकास सोसायटीनं हा जुना लेथ माजलगावकडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून आणला होता. दुष्काळात बोअरचे पंप पटापट बिघडत होते. त्यांचे दांडे गावातच कातून द्यायचे, असा ठराव होता. चेअरमन अर्जुनरावांनी जालिंदरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सोमवारी उद्घाटन हाय. लेथ फिरला तर तुजी कायमची ऑर्डर. न्हाई फिरला, तर हाय ती हंगामी नोकरी बी गेली समज." जालिंदर अकरा वर्षांपासून हंगामी होता.

रविवारी त्यानं बॅटरी आणि बल्ब घेऊन शोध लावला. ज्या दोन टोकांना लावल्यावर बल्ब पेटेल, ती दोन एका गुंडाळीची. अशा तीन जोड्या निघाल्या. खूण म्हणून त्यानं चिठ्ठ्या बांधल्या आणि लक्षात राहावं म्हणून त्यांवर सोसायटीच्या सहा संचालकांची नावं लिहिली. एकमेकांना सोडून जे चहालासुद्धा जात नाहीत, त्यांची जोडी एका गुंडाळीला. मग तो भाकरी खायला घरी गेला.

तेवढ्यात चेअरमन सोडून बाकीचं संचालक मंडळ मशीन बघायला आलं. राधाकिशनरावांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

"मला शहादेवसंगं कावून बांधलंय? मंगळवारच्या मीटिंगलाच मी त्याचा गट सोडला!"

"मला तरी कुठं हौस हाय?" शहादेव म्हणाले. "मला चेअरमनकडं बांधा."

कोरम पूर्ण होताच. पंधरा मिनिटांत चिठ्ठ्यांची फेररचना एकमतानं मंजूर झाली.

सोमवारी सकाळी जालिंदरनं चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून जोडणी केली. भारनियमनात वीज अकराला यायची आणि मुहूर्तही अकराचाच होता, त्यामुळं आधी चालवून बघायची सोय नव्हती. नारळ फुटला. अर्जुनरावांनी बटण दाबलं. मोटार रेड्यासारखी हंबरली, जागची हलली मात्र नाही. फाटकन फ्यूज उडाला आणि राधाकिशनरावांचं भाषण लाउडस्पीकरसकट बंद पडलं. गावानं टाळ्या वाजवल्या.

"काय बे हे, जालिंदर?" अर्जुनराव कडाडले.

जालिंदरनं झाकण काढलं, चिठ्ठ्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "साहेब, वायरी जागच्या जागी हायेत. संचालक फिरलेत."

"मंग आता?"

"एक घंटा द्या. पन या बारीला जित्या मानसाचं नाव लिवनार न्हाई."

घंटाभरानं लेथ फिरला, लोण्यातून सुरी जावी तसा. लोक पेढ्यांकडं वळले. अर्जुनराव खुशीत उघड्या मोटारीवर वाकले. "आश्रुबा, दगडाबाई... ही कोन रे?"

"आपलेच सभासद, साहेब. नवराबायकोच्या तीन जोड्या. समदे कवाच वारले. सोसायटीच्या मतदार यादीतून नावं घेतली."

"मेलेली मानसं यादीत कशी?"

"आता ते मी काय सांगू? पन मागच्या तिन्ही निवडणुकांना सहाच्या सहा तुमच्याच जीपमधून मतदानाला आलती. एकदाबी फुटली न्हाईत. तवा म्हनलं, ह्यांच्याइतकं भरवशाचं कोनी न्हाई."

अर्जुनरावांनी मागं वळून पाहिलं. संचालक पेढे खात होते. चेअरमनसाहेबांनी झाकण स्वतःच्या हातानं बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळले आणि खिशातलं पेन काढलं.

"तुजी ऑर्डर कुठंय? आन इकडं."