निरोपाची रंगीत तालीम

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या आबांनी लेकीला पुण्याला पाठवण्याचा सराव सुरू केला, तेव्हा तिला पुण्यात प्रवेश मिळालेला नव्हता. मिळेल असं कुणी म्हटलेलंही नव्हतं.

"तयारी जोयजे भाऊ, तयारी!" हे आबांचं ब्रीद. पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी हा गृहस्थ स्वतःच पाहुणा होऊन आपल्या घराची कडी वाजवणार. उन्हाळ्यात वीज जाते म्हणून ऐन थंडीत पंखा बंद ठेवून सराव करणार. जळगावच्या उन्हाळ्याला असला माणूस घाबरत नाही, उन्हाळाच जरा बिचकतो.

एवढा तयारीचा माणूस, पण वैशूच्या एमएस्सीच्या अर्जाची मुदत त्यांच्यामुळेच हुकली. शेवटची तारीख नेमकी कानबाईच्या रविवारी आली. घरात देवी बसलेली, भाऊबंद जमलेले, नैवेद्याच्या रोटांचा घाट घातलेला. "आज देवी सोडीसन दुसरं काहीच नही," आबांनी फर्मान काढलं. सोमवारी वाजतगाजत विसर्जन झालं आणि वैशू ओल्या पायांनीच संगणकासमोर बसली. अर्ज गेला, पण उशिरा आलेल्यांच्या रांगेत. तेव्हापासून पडद्यावर रोज एकच शब्द दिसायचा: विचाराधीन.

"एवढा विचार ते मी मन्हं लगीन ठरावाले बी नही करा," आबा चिडून म्हणाले. आणि पुढच्याच रविवारी त्यांनी अख्खी गल्ली बसस्टँडवर नेली.

वैशूच्या हातावर दही पडलं. बॅगेत दादर ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या, कारण वजन खरं पाहिजे. ती धुळ्याच्या गाडीत बसली, एरंडोलला उतरली आणि समोरून आलेल्या गाडीने परत आली. मग बापलेक स्कूटरवरून घरी गेले. वैशूला एक अक्षर बोलायची सोय नव्हती. घरात दोघंच, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे आबांविरुद्ध अपील कुणाकडे करणार?

दर रविवारी हाच खेळ. कंडक्टर तिला विचारायचा, "काय ताई, आजही एरंडोलच का?" समोरच्या अक्कांवर रडण्याचं काम होतं. त्यांनाही आबा सोडत नसत. "अक्का, तू लवकर रडनी. गाडी सुरू व्हवू दे, मंग रड."

गंमत म्हणजे सगळ्यांचं काम चोख व्हायचं, बिघडायचे ते आबाच. गाडी हलली की फाटकापर्यंत धावत जायचे आणि ड्रायव्हरला थांबवायचे. "पान्यानी बाटली ऱ्हाई गई!" बाटली वैशूच्या हातातच असायची. तालीम फसली म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी गिरणीत जाऊन म्हणालो, "आबा, आधी प्रवेश तर मिळू द्या! पोरीला कशाला हिंडवताय?"

आबांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. "तिले काय सराव जोयजे? ती जाई मजामां. अर्ज उशिरा ग्या ना, तवय माले आतून बरं वाटनं, भाऊ. मंग लाज वाटनी. म्हनीसन हाऊ सराव मन्हा शे."

ज्याच्यावर रागावलो होतो त्याच माणसापुढे मी डोळे पुसले आणि दोष गिरणीच्या धुरळ्याला दिला.

प्रवेश मिळाला आणि लगेच हजर व्हा असा निरोपही आला. दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. तो दिवस बुधवार. सकाळीच आबा दारोदार सांगत फिरले, पण गल्लीला वाटलं, यांनी आता मधल्या वारीही तालमी सुरू केल्या. "आज जमायचं नाही, रविवारी येते," असं म्हणून अक्कांनी पापड वाळत घातले. स्टँडवर आम्ही तिघंच.

वैशू वाकून पाया पडली. तिचेच डोळे भरले. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग वर चढवली, ड्रायव्हरला "सांभाळीसन जा" म्हणाले. गाडी हलली. मी त्यांचा हात धरायच्या तयारीत होतो, पण ते जागचे हलले नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिले.

"जमनं ना, भाऊ?"

"जमलं आबा. अगदी छान जमलं."

त्यांनी मान डोलावली. मग हळूच माझी बाही धरली.

"गाडी जावापर्यंतनाच सराव करेल व्हता मी. आते एकट्यानी घर कसं जावानं?"