भूपालअण्णांचा सहामाही आढावा

भूपालअण्णांना तुम्ही चहा पाजलात, तर ते तुमच्याकडं पावती मागतात.

चेष्टा करत नाही. माधवनगरात कुणालाही विचारा. कप खाली ठेवला की अण्णांचा हात शर्टाच्या वरच्या खिशात जातो आणि तळहाताएवढं पावतीपुस्तक बाहेर येतं. ते त्यांनी स्वतःच्याच प्रेसमध्ये छापलंय. त्यावर ते चष्मा कपाळावर ढकलून लिहितात, ‘चहा, अर्धा कप, विनामूल्य. अंदाजे किंमत रुपये पाच.’ मग पेन आपल्या हातात देतात.

“हितं सही कर.”

“अण्णा, चहाची कसली पावती?”

“फुकाटचा चा म्हंजे उत्पन्नच न्हवं का रं? उद्या बँकेनं इचारलं तर काय सांगू? कागदाबिगर सगळं खोटं, गड्या.”

माझं झेरॉक्सचं दुकान अण्णांच्या प्रेससमोर आहे. मधे रस्ता, तोही अरुंद. त्यामुळं गेली काही वर्षं अण्णांच्या आयुष्यातला प्रत्येक कागद माझ्या मशिनीतून दोनदा गेलाय. एक प्रत बँकेला, एक त्यांना. कधीकधी तिसरीही काढायला लावतात. ती कशाला, विचारलं की म्हणतात, “दुसरी हरवली तर?”

पूर्वी अण्णा असे नव्हते. एकेकाळी सांगलीपासून आष्ट्यापर्यंत कुठंही लग्न ठरलं की मुलाचा बाप आधी मुहूर्त काढायचा आणि तिथून थेट अण्णांच्या प्रेसमध्ये यायचा. पत्रिकेत मामांची नावं कोणत्या क्रमानं घालायची, रुसलेल्या आत्याला कुठं बसवायचं, याचा निवाडा अण्णाच करायचे. धंदा तेजीत होता. त्या भरात अण्णांनी बँकेचं कर्ज काढून चार रंगांचं मोठं मशीन आणलं. आणि दुसऱ्याच हंगामात लोक मोबाइलवर पत्रिका धाडायला लागले. मोबाइलवरचा गणपती सोंड हलवत होता, वरून फुलं पडत होती, मागं सनई वाजत होती. अण्णांच्या पत्रिकेतला गणपती काही केल्या हलत नव्हता.

मशीन मिळेल त्या किमतीला गेलं. कर्ज राहिलं. शेवटी बँकेनं तडजोड करून दिली. व्याज थांबवलं, उरलेल्या रकमेचे महिन्याला चार हजारांचे हप्ते बांधले. अट एकच, दर सहा महिन्यांनी उत्पन्नाचा आढावा. उत्पन्न वाढलं तर हप्ता वाढणार, घटलं तर घटणार. आणि लागोपाठ दोन हप्ते चुकले तर तडजोड रद्द, खाली प्रेस आणि वर घर, सगळं लिलावात.

दुसरा कुणी असता तर त्यानं आढाव्याचा एक पानाचा फॉर्म दहा मिनिटांत भरून दिला असता. अण्णा पहिल्या आढाव्याला दोन पिशव्या घेऊन गेले. मीही बरोबर होतो, कारण पिशव्या जड होत्या आणि स्कूटर माझी होती.

बँकेत हे काम होनमाने मॅडमांकडं होतं. आटपाडीकडच्या. आजोबा मेंढरं घेऊन हिंडलेले, नात वसुली विभागात बसलेली. बोलायला कडक, पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. अण्णांचा पहिला आढावा वाचायला त्यांना पाऊण तास लागला.

“आवं अण्णा, हे काय लिवलंय? ‘परसातले पेरू चोवीस. पैकी वटवाघळांनी खाल्लेले नऊ.’”

“व्हय.”

“वटवाघळांचं कशापायी लिवलंय?”

“ते उत्पन्नातनं वजा करायचं का खर्चात दावायचं, तेच कळंना झालतं. म्हनलं, तुमीच ठरवा.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. पुढच्या पानावर होतं, ‘बसच्या कंडक्टरकडून दोन रुपये येणे. सुट्टे नव्हते.’ शेजारी बसचा नंबर लिहिला होता. त्याच्या पुढच्या पानावर, ‘भाचीनं आणून दिलेली वांग्याची भाजी, एक डबा. डबा परत केला आहे.’ आणि त्यावर भाचीची सही.

“अण्णा, एवढं लागत न्हाई ओ. महिन्याला किती मिळालं, तेवढंच लिवा.”

“आणि उद्या कुणी म्हनलं, भूपालनं भाजी लपवली, तर?”

या प्रश्नाला बँकेच्या नियमावलीत उत्तर नव्हतं.

असे तीन आढावे झाले. आता अण्णांचं उत्पन्न म्हणजे जुन्या लहान मशीनवर हळदीच्या अडत्यांची बिलबुकं छापायची, एवढंच. पण जुनी गिऱ्हाइकं लग्नाला मात्र अजून बोलवायची. पत्रिका मोबाइलवर आली तरी अण्णा जायचे, पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वरबापाला बाजूला घेऊन सांगायचे, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे आणि आहेराचा नारळ घेऊन परतायचे. एका हंगामात असे अकरा नारळ झाले. चौथ्या आढाव्यात अण्णांनी ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात ते इमानदारीनं लिहिले, ‘नारळ, ११.’

नेमक्या त्याच वेळी मॅडम महिनाभर रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या हंगामी कारकुनाला नारळ दिसला नाही, अकरा दिसले. संगणकात तो रकाना हजारांत होता.

पंधरा दिवसांनी अण्णा रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. हातात बँकेचं पत्र होतं. ‘आपले मासिक उत्पन्न अकरा हजारांनी वाढल्याचे आढळून आले आहे. सबब पुढील महिन्यापासून हप्ता नऊ हजार.’ मी स्टूल पुढं केलं, पण ते बसले नाहीत. झेरॉक्सच्या मशिनीवर हात टेकून उभेच राहिले.

“दत्ता, नऊ हजार तर मला सगळे मिळून मिळत न्हाईत रं,” ते म्हणाले. “दोन महिन्यांत घर जाईल.”

त्या दिवशी प्रत काढायचंही त्यांना सुचलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते गोणी घेऊन तयार होते. “चल. पुरावा हाय माझ्याजवळ.” स्कूटरवर मी, मागं अण्णा आणि मधे गोणी. खड्डा आला की माझ्या पाठीत पुरावा टोचायचा.

बँकेत नवे मॅनेजरसाहेब होते. अण्णांनी त्यांच्या टेबलावर गोणी रिकामी केली. आठ नारळ गडगडत बाहेर आले. एक साहेबांच्या खुर्चीखाली गेला.

“हे काय आहे?”

“माझं इतर उत्पन्न. अकरा नारळ. तपासा.”

“पण हे आठच आहेत,” साहेब गडबडून म्हणाले. एवढ्या गोंधळात त्यांनी नारळ मोजले, हे मला आजही नवल वाटतं.

“तिनाची चटणी झाली.” अण्णांनी पिशवीतून तीन नारळांच्या करवंट्या काढून मांडल्या. प्रत्येकीवर पेनानं तारीख घातली होती.

शिपायानं खुर्चीखालचा नारळ काढून इतरांशेजारी ओळीत ठेवला. पेन्शनसाठी आलेल्या एका म्हातारीला वाटलं, बँकेत काहीतरी पूजा आहे. तिनं पुढं येऊन हात जोडले आणि नारळांपुढं दहा रुपये ठेवले.

अण्णा ओरडले, “मावशी, ते उचला आधी! न्हाईतर मला उत्पन्नात दावावं लागंल!”

तेवढ्यात होनमाने मॅडम आतून आल्या. रजेवरून त्याच दिवशी रुजू झाल्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं, संगणकात बघितलं, मग टेबलावर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“साहेब, नोंद चुकलीया. हे अकरा हजार न्हाईत, अकरा नारळ हायत.”

साहेब म्हणाले, “असेल. पण आढावा एकदा मंजूर झाला की दुरुस्ती मुख्य कार्यालयातून होते. त्याला तीन-चार महिने लागतात. तोवर त्यांनी नऊ हजार भरावेत.”

“मग आपन बी कागदानं चालू,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “बँकेच्या हिशेबानं हा अकरा हजारांचा माल हाय. अण्णा तो हप्त्यापोटी जमा करत्यात. तुमी सहीशिक्क्यानं पोच द्या.”

अण्णांनी लगेच खिशातलं पावतीपुस्तक काढलं. साहेबांनी पुस्तकाकडं बघितलं, नारळांकडं बघितलं, काउंटरसमोर जमलेल्या गर्दीकडं बघितलं आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. आठवड्याभरात दुरुस्तीचं पत्र आलं. हप्ता पुन्हा चार हजार. अण्णांनी त्या पत्राच्या पाच प्रती काढल्या. मी पैसे घेतले नाहीत, तर त्याचीही पावती झाली.

त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही. तीन वर्षं गेली. या ऑक्टोबरात शेवटचा हप्ता भरून झाला आणि मॅडमनी बेबाकीचा दाखला घ्यायला बोलावलं. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी घालून आले. मी वाटेत पेढे घेतले.

“घ्या अण्णा,” मॅडम हसून म्हणाल्या, “सुटलासा. आता आढावा न्हाई, फॉर्म न्हाई, काय न्हाई.”

अण्णांनी दाखला दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. मांडीवरच्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले.

“ह्या सहा महिन्यांचं आणलं व्हतं,” ते म्हणाले.

“आता लागत न्हाई ते.”

“व्हय. लागत न्हाई.” त्यांनी बंदाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “मॅडम, एक रुपया बाकी ठेवता येतोय का?”

मॅडमना वाटलं, चेष्टा आहे. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत.

“मशीन गेलं त्याच वर्षी आमची मंडळी गेली,” ते खाली बघत म्हणाले. “पोरगा बेंगळूरला असतोय. रविवारी फोन करतोय. ‘सगळं बरं हाय न्हवं?’ म्हनतोय. मी ‘बरं हाय’ म्हनतो. संपलं. त्याचं बी बरोबर हाय, त्याच्यामागं काम असतंय. पन कुठं गेलो, काय खाल्लं, कोन आलतं घरला, हे सहा महिन्यांतनं एकदा का होईना, तुमी इचारत व्हता. म्हनून मी बी ध्यान ठेवून लिवत व्हतो. आता लिवून कुनाला दावायचं?”

बाहेर बाकावर तीन-चार माणसं फाइली घेऊन बसली होती. मॅडमनी शिपायाला हाक मारून सांगितलं, पुढच्याला जरा थांबायला सांग. मग खुर्ची पुढं ओढली आणि टेबलावरचे कागद बाजूला सारले.

“काढा वही. वाचा, पयल्यापास्नं.”

अण्णांनी वही काढली. घसा खाकरून वाचायला सुरुवात केली, “एप्रिल, पहिला आठवडा. उत्पन्न काही नाही. मोरीत पाय घसरून पडलो. दोन दिवस प्रेस बंद.”

मी रोज त्यांच्या समोर दुकानात बसतो. मधे फक्त रस्ता आहे. ते दोन दिवस दार बंद होतं, हे मी बघितलं असणारच. पण मला काही माहीत नव्हतं.

“लय लागलं व्हतं का?” मॅडमनी विचारलं.