मृत्युपत्राला साक्षीदार मिळेना!

"रविवारी दुपारच्या जेवणाआधी बाबांचं मृत्युपत्र झालेलं असेल आणि आपला घराचा घोर संपलेला असेल. लिहून ठेव!" सूनबाईने नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

नवऱ्याने काही लिहून ठेवलं नाही. तो मोबाइलवर परक्या लोकांची घरं बघण्यात गुंग होता.

घोर लागायला कारण होतं. घर सासऱ्यांच्या नावावर. सासरे महिनाअखेर निवृत्त होणार, गुडघे त्याआधीच झालेले. सूनबाईच्या डोळ्यांपुढे उठता-बसता एकच चित्र: जिन्यात गॅसची शेगडी, शेगडीवर दुधाचं पातेलं आणि पातेल्यामागे भोकाड पसरलेली चार वर्षांची लेक!

"बाबा काय आपल्याला बाहेर काढणारेत?" नवरा म्हणायचा.

"बाबा नाही काढणार. पण बाबांनंतर?"

"तू ना, फार विचार करतेस!"

करणारच! त्या घरातलं विचार करण्याचं खातं तिच्याकडेच होतं. बाकीच्यांनी ते केव्हाच बंद केलं होतं. वकीलबाई शोधल्या तिने. कागद जमवले तिने. सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणला तोही तिनेच. आत काय लिहायचं, तेवढं मात्र सासरे वकीलबाईंशी दार लावून बोलले.

"सूनबाई, विश्वास आहे ना माझ्यावर?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. असं तोंडावर विचारल्यावर नाही कोण म्हणणार!

रविवारी वकीलबाई लॅपटॉप घेऊन आल्या. मागून त्यांचा ड्रायव्हर छोटा प्रिंटर काखोटीला मारून आला आणि दाराशी स्टुलावर बसला. दरवर्षी नवा धंदा काढून दरवर्षी तो बुडवणारे धाकटे भावोजी सोफ्यावर आडवे होते. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि शेजारचे मास्तर हजर. चहा झाला. सगळं कसं सुरळीत!

"नियम सोपा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोनेही नाही."

पण सासऱ्यांचाही एक जन्माचा नियम होता. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही! ऑफिसात कुणी टाचणी दिली तरी ते उलट खोडरबर देऊन मोकळे व्हायचे. शिंप्याने पेनचं टोपण काढलं आणि सासऱ्यांचा जीव कासावीस झाला.

"टेलर, तुमची सही फुकट नको. आमची ही गेल्यापासून तिची शिलाई मशीन पडून आहे. ती तुमच्या नावाने लिहितो."

"अहो, कशाला!" शिंपी म्हणाला आणि मशीन दुकानात कुठे मावेल याचा हिशेब करू लागला.

"झालं! हे बाद!" वकीलबाई कडाडल्या.

मास्तर खाकरले. "म्हणजे मला काही नकोच आहे. पण सही तर मीही करणार होतो..."

"तुम्हाला लोखंडी कपाट!"

"हेही बाद!"

"बाबा, नका ना कुणाला काही देऊ!" सूनबाई काकुळतीला आली.

"आणि दिलेला शब्द मागे घेऊ? या वयात?"

मग वॉचमन आला. त्याला सायकल. बाद! औषधांच्या दुकानदाराला सूनबाईने अक्षरशः गल्ल्यावरून उठवून आणलं. त्याला टेबलफॅन. बाद! दर वेळी नवा कागद, दर वेळी प्रिंटरची घरघर. तोवर जिन्याने बातमी वाहून नेली की वर सही करायला गेलं की काहीतरी मिळतं. आणि लोक यायला लागले! कुणी पेन घेऊन, कुणी पिशवी घेऊन, एक जण तर हातगाडीवालाच घेऊन आला! वरच्या मजल्यावरच्या काकू वितीने फ्रिज मोजू लागल्या.

"उघडताना आवाज करतो का गं हा?"

एकाने सासऱ्यांना अदबीने विचारलं, "घाई नाही काका, पण साधारण कधीपर्यंत मिळेल?"

"होईल तेवढं लवकर बघतो," सासरे म्हणाले. जन्मात कुणाला नाही म्हणाले नव्हते बिचारे!

तेवढ्यात लेक रडत आली. "आई, आजोबांनी माझी खुर्ची त्या काकांना दिली!"

वकीलबाईंनी लॅपटॉप आपटला. गर्दीला जिन्यात लोटून दार लावून घेतलं. "अहो, या घरात ज्याला काहीही मिळणार नाही असं कुणी आहे की नाही? पहिला साक्षीदार माझा ड्रायव्हर!"

सासऱ्यांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "यांना निदान छत्री..."

वकीलबाईंनी सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "आता दुसरा!"

हात बाजूला झाला तसे सासरे एकदम खुलले. "अहो, काखेत कळसा म्हणतात ना तसं झालं बघा! आपली सूनबाई आहे की!"

"बाबा, नवऱ्याला काही मिळत असेल तर बायको चालत नाही, सांगितलं ना त्यांनी?" सूनबाई म्हणाली.

"त्यालाही काही नाहीये."

प्रिंटरसुद्धा घरघरायचा थांबला.

"घर धाकट्याला," सासरे प्रेमळपणे समजावू लागले. "त्याचं अजून कशातच काही नाही गं. तुमचं काय, तू आहेस! सगळं कसं वेळच्या वेळी, चोख. आजचंच बघ ना, किती धावपळ केलीस! तुला कशाची कमी पडणार आहे?"

भावोजी सोफ्यावर उठून बसले. त्या दिवसातली त्यांची ही पहिलीच हालचाल.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. "बाबांनी विचार करूनच केलं असेल," तो छताला म्हणाला.

"आणि यांच्या सहीबद्दल यांना काही द्यायचं नाही वाटतं?" वकीलबाईंनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"छे हो!" सासरे हसले. "ती घरचीच आहे!"

सूनबाईने लेकीला कडेवर घेतलं. दुसऱ्या हाताने, अक्षर जराही हलू न देता, सही केली. साक्षीदाराला सहीखाली पत्ताही लिहावा लागतो. तिथे तिचं पेन अडलं.

"पत्ता कायमचा लिहू का?"

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सध्याचा लिहा," त्या म्हणाल्या.