उंदीरकान्यांचा खण

सरांच्या सुनेचा फोन आला तेव्हा बाई एका वटवाघळाचा कान मोजत होत्या. फोन गाल आणि खांदा यांच्या चिमटीत धरून त्यांनी "हं, बोला" म्हटलं, आणि मिनिटभरात मोजपट्टी खाली ठेवली.

"बाबा उद्या सकाळी तुमच्याकडे येतो म्हणतायत," सून सांगत होती. "मी म्हटलं, एवढे जिने चढून कशाला जायचं? तर म्हणे, मला माझं कपाट बघायचंय. गेले कित्येक दिवस हेच चाललंय. भिंग घेऊन वाचत बसतात, मध्येच आपल्याशी पुटपुटतात. डॉक्टरांनी सांगितलंय, कसला धक्का बसता कामा नये. तेवढं सांभाळाल ना?"

"अहो, कपाट आहे तसं आहे," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते आपोआप बाहेर पडलं. फोन ठेवल्यावर मात्र त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, कारण कपाट आहे तसं नव्हतं. मागच्याच वर्षी त्यांनी ते स्वतःच्या हाताने साफ मोडलं होतं.

हे कपाट म्युझियमच्या मागच्या खोलीत असतं. तिकीट काढून येणाऱ्या लोकांना ते दिसत नाही, आणि दिसलं तरी कोणी थांबणार नाही. आत उंदीरकानी वटवाघळं आहेत. कान उंदरासारखे म्हणून उंदीरकानी. जगात त्यांच्या शंभराच्या वर जाती, आणि बहुतेक सगळ्या तपकिरी. कापसाच्या गादीवर ओळीने पालथी निजवलेली, पंख मिटलेले, पायाला चिठ्ठी बांधलेली, शेजारी काचेच्या नळीत ज्याची त्याची कवटी. खण ओढला की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. बाईंना हा वास आला की अजूनही परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं.

सरांनी या कपाटात उमेदीची सगळी वर्षं घातली. त्यांची शिकवण सरळ होती. "आधी पाय बघा. मग कान. मग दात. तोंड सगळ्यात शेवटी. तोंड बघून वटवाघूळ ओळखायला जाल तर फसाल." ही शिकवण बाईंच्या अंगात इतकी मुरली की मुलगा बघायला आला तेव्हा त्यांनी आधी त्याचे पाय बघितले. पाय मोठे होते. ते गृहस्थ आज बाईंचे पती आहेत आणि हा किस्सा पाहुण्यांना सांगून सांगून त्यांनी पार चोथा केला आहे.

पायांवरूनच सरांनी मधल्या मोठ्या खणात तीन घराणी मांडली होती. मोठ्या पायांची, पाण्यावरून भक्ष्य उचलणारी, ते कोळी. मोठ्या कानांची, पानांवरचे किडे टिपणारी, ते वेचणारे. आणि लहान पायांची, हवेत किड्यांमागे धावणारी, ते पाठलागवाले. खणाच्या अगदी तोंडाशी, सगळ्यांच्या पुढे, एक दूर दक्षिणेकडचं वटवाघूळ होतं. कुठल्याशा म्युझियमने सरांना भेट पाठवलेलं, म्हणून त्याचं नाव पाहुणा. त्याला पहिली जागा हा सरांच्या घरचा आदर होता.

मग बाईंच्या हाताखाली नवा शास्त्रज्ञ आला. त्याला सगळे डीएनए म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलत नाही. त्याने एकेका वटवाघळाचा कपचाभर तुकडा तपासला आणि सांगितलं की मोठे पाय हे नात्याची खूण नाहीत. जिथे जिथे पाण्यावर पोट भरायची सोय झाली, तिथे तिथे पाय आपले आपण मोठे झाले. एका कोळ्याचा दुसऱ्या कोळ्याशी संबंध नाही. समुद्राच्या या बाजूचे सगळे एकमेकांचे, मग दिसायला कसेही असोत, आणि त्या बाजूचे सगळे एकमेकांचे. पाहुणा तर उंदीरकानी नव्हताच. त्याचं घराणंच निराळं निघालं.

बाईंना ते पटलं. त्यांनी खण नव्याने लावला. पण सरांना सांगायचं धैर्य झालं नाही. सर अधूनमधून फोन करत आणि न चुकता विचारत, "कपाट कसं आहे?" बाई म्हणत, "आहे तसं आहे, सर." सर नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवत. तेवढ्याने म्हातारा सुखात झोपतो आहे अशी बाईंची समजूत होती.

"मग पुन्हा लावू की तसं," सर येणार हे कळल्यावर मामा म्हणाले. मामा म्हणजे म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांत भुसा भरणारे कारागीर. ते कोणाचेच मामा नव्हते, तरी वरच्या साहेबापासून खालपर्यंत सगळ्यांचे मामा होते. "एका दुपारचं काम. माझ्या डोळ्यासमोर आहे तो खण, जसाच्या तसा."

"म्हणजे आपण मुद्दाम चुकीचं मांडायचं?" डीएनएने विचारलं.

"एका सकाळपुरतं."

"मॅडम, हे शास्त्र आहे."

"आणि ते माझे सर आहेत," बाई म्हणाल्या. "धर तो खण."

खण बाहेर आला आणि मामांच्या डोळ्यासमोरचं चित्र धूसर होऊ लागलं. कोळी उजवीकडे होते हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. अर्धे कोळी उजवीकडे गेल्यावर ते म्हणाले, उजवीकडे म्हणजे खिडकीकडे पाठ करून. मग सगळे डावीकडे आले. वाळून पाय आकसलेले, त्यामुळे मोठा कोणता आणि लहान कोणता यावर वाद. केशरी रंगाचं एकुलतं एक वटवाघूळ कुठे होतं यावर तर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आणि ते डीएनएमार्फत बोलू लागले.

"मामांना सांग, केशरी कोपऱ्यात होतं. पोरं कंटाळली की सर तिकडे बोट दाखवायचे."

"बाईंना सांगा, ते मध्ये होतं. मीच पुसायचो."

डीएनए त्या काळी शाळेत होता. त्याने केशरी उचलून कोपऱ्यात ठेवलं, कारण पगारवाढीचा शेरा बाई लिहीत.

"आणि तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक जागा रिकामी होती," बाई म्हणाल्या.

"रिकामी? छे. अशी जागा वाया घालवणारा माणूस आहे का तो?"

"होती मामा. मी समोरच्या स्टुलावर बसायचे. पाऊस आला की गच्चीचं दार वाजायचं, सर शिकवायचं थांबवायचे आणि आम्ही सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचो. का रिकामी होती ते आठवत नाही, पण होती." बाईंचा आवाज जरा ओला झाला, म्हणून मामांनी पुढे ताणलं नाही. शेवटच्या पाठलागवाल्याला सरकवून जागा केली.

खण भरला आणि मग तिघांच्याही लक्षात आलं की पहिली जागा मोकळीच आहे. पाहुणा नव्हता. नवं घराणं मिळाल्यापासून त्याला भाव आला होता आणि तो अभ्यासासाठी दुसऱ्या म्युझियमला उसना गेला होता.

"दुसरं कुठलंही ठेवू," मामा म्हणाले. "सरांची नजर आता कितीशी असणार?"

त्यांनी खालच्या कपाटातून एक वटवाघूळ आणलं. ते कौलांखाली, बोर्डामागे, कुठेही राहणारं साधं घरगुती वाघूळ होतं. उंदीरकान्यांच्या गोतावळ्यातलं खरं, पण चुलत घराण्यातलं. डीएनए दारात आडवा उभा राहिला. "चिठ्ठीला हात लावायचा नाही. चिठ्ठी बदलली तर मी राजीनामा देईन." शेवटी चिठ्ठी न बदलता नुसती उलटी करून ठेवायची असं ठरलं. डीएनएने त्यालाही मान्यता दिली नाही, पण तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. पांढरा शर्ट, वरपर्यंत बटणं, हातात काठी. मागून सून, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात औषधं. दोघं जिन्यावर एकमेकांना दटावत वर आले. "हळू चढा." "मला शिकवू नकोस." त्या दोघांचा हट्टीपणा इतका सारखा होता की नवा माणूस तिला सरांची मुलगीच समजे.

बाईंनी खण ओढला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. सरांनी डोळे मिटून तो घेतला, आणि बाईंना वाटलं, केलं त्याचं चीज झालं. मग सरांनी डोळे उघडले. पहिली ओळ पाहिली. दुसरी पाहिली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पायांवरून," सर म्हणाले.

"हो सर. तुम्ही लावलं होतंत तसंच."

"अजून पायांवरून?"

सरांनी पहिल्या जागेवरचं वटवाघूळ हळूच उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्याच्या कानात पाहिलं. उंदीरकान्यांच्या कानात एक उभी, टोकदार पाकळी असते. ही आखूड आणि बोथट होती.

"हा कोण?"

"पाहुणा, सर," मामा म्हणाले.

"मामा, हे माझ्या न्हाणीघरात रोज येतं. पाहुण्याच्या जागेवर शेजारचं पोर आणून बसवलंत होय?" त्यांनी ते खाली ठेवलं आणि बाईंकडे वळले. राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "पोरी, मी दर वेळी विचारायचो, कपाट कसं आहे. तू म्हणायचीस, आहे तसं आहे. मला वाटायचं, या खेपेला तरी म्हणेल, सर, तुमचं सगळं चुकलंय, मी मोडलं. एवढ्या पोरांना शिकवलं, त्यात ही एक माझं मोडील असं वाटलं होतं. शेवटी म्हटलं, हिने वाचणंच सोडलेलं दिसतंय. आता आपणच जाऊन शिकवावं."

खिशातून त्यांनी भिंग काढलं आणि खरोखरच शिकवायला सुरुवात केली. समुद्राची ही बाजू, ती बाजू. सारखे पाय म्हणजे नातं नव्हे. घरी पुटपुटत होते ते हेच पाठांतर होतं. एक शाखा त्यांनी चुकीच्या बाजूला सांगितली तेव्हा डीएनए पुढे सरकला, पण बाईंनी त्याचा दंड असा धरला की त्याला नंतर तिथे काळंनिळं दिसलं. दुसरी शाखा चुकली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"सर, मागच्या वर्षीच लावलं होतं. सगळं. नव्या पद्धतीने. काल तुमच्यासाठी परत मोडलं."

सुनेने औषधाची पट्टी पुढे केली. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"मोडलंस?"

"हो सर."

"मला न विचारता?"

"हो सर."

"आणि पाहुणा?"

"तो आपल्यातला नव्हताच, सर. घराणंच निराळं. अभ्यासाला बाहेरगावी गेलाय."

सर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, सुनेने पाठीवर थापटलं, पाणी पाजलं, आणि डॉक्टरांनी धक्का नको म्हटलं होतं याची सगळ्यांना आठवण करून दिली. "असले धक्के चालतात," सर म्हणाले. "मला वाटलंच होतं. त्याचं इथे कोणाशी जमायचं नाही." मग सुनेकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हिचंच बघा. स्वभाव तंतोतंत माझा, रक्ताचं नातं शून्य. तुमच्या शास्त्राने हिला कुठे ठेवाल?"

"ज्यांच्या घरी राहते त्यांच्यात," डीएनए गंभीरपणे म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

नवी मांडणी परत लावायला बाई लगेच उठल्या. सरांनी हात केला. "थांब जरा. एकमेकांचे कोणी नसतील, पण इतकी वर्षं शेजारी होते. चहा होईपर्यंत राहू दे." ते खणासमोरच्या खुर्चीत टेकले, केशरी वाघळाला "कोपरा सोडला नाहीस अजून" म्हणाले, आणि बोलता बोलता हातातलं भिंग खाली ठेवलं. न बघता, तिसऱ्या ओळीच्या टोकाला, त्या रिकाम्या जागेवर. भिंग तिथे बरोबर मावलं. बाईंनी मामांकडे पाहिलं आणि मामा चहा सांगायला बाहेर गेले.

दुपारी खण नव्या पद्धतीने लागला. सर खुर्चीतून सूचना देत होते, डीएनए त्यातल्या निम्म्या दुरुस्त करत होता, आणि दोघांनाही ते आवडत होतं. निघताना सर दारात थांबले. "फोन करीन," ते म्हणाले. "या खेपेला नीट सांग काय बदललंस ते."

ते गेल्यावर बाईंनी खण बंद करायला हात घातला तर तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक जागा रिकामी. त्यांनी डीएनएकडे पाहिलं.

"इथे कोण यायचंय?"

"कोणी नाही, मॅडम," डीएनए मोजपट्टी पुसत म्हणाला. "ती भिंगाची जागा आहे."