मातृभेटीची हवाई सोय

दंतवैद्यांनी विमान विकत घेतले ते आईला वरचेवर भेटता यावे म्हणून. यामागे दुसरा कोणताही हेतू नव्हता, हे त्यांनी इतक्या लोकांना, इतक्या वेळा आणि कुणी विचारलेले नसताना सांगितले, की शेवटी त्यांचाही त्यावर विश्वास बसला.

आई डोंगरापलीकडच्या गावात थोरल्या मुलाकडे राहायची. थोरल्याचे खिळे, बिजागऱ्या आणि कुलपांचे दुकान होते. दुकान रविवारीही उघडे असल्यामुळे त्याला कुठे जाता येत नसे, आणि तो कुठे जात नसल्यामुळे आई आपोआपच त्याच्या वाट्याला आली होती. धाकटे दंतवैद्य मात्र शहरातले नावाजलेले. रस्त्याने जायचे म्हणजे घाट, वळणे आणि प्रत्येक वळणावर पुढे एक ट्रक. "जाण्यायेण्यातच दिवस जातो गं आई," असे ते दर रविवारी फोनवर सांगत आणि येणे का जमत नाही याची कारणे समजावून देण्यात सगळी सकाळ घालवत.

विमानाची कल्पना एका पेशंटची. डॉक्टरांना उलट उत्तर ऐकायची सवय नव्हती. ते ज्यांच्याशी बोलत त्यांच्या तोंडात कापूस तरी असे, नाहीतर आरसा तरी. अशाच एका आ वासलेल्या गृहस्थांना ते आपली अडचण सांगत होते. गृहस्थ खुर्चीत चुळबुळ करीत काहीतरी सांगू पाहत होते, पण दाढ भरून होईपर्यंत त्यांचा नाइलाज होता. चूळ भरल्याबरोबर ते म्हणाले, "डॉक्टर, मी छोटी विमानं विकतो."

डॉक्टरांच्या पत्नी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणत.

"सकाळची बस आहे की," बाई म्हणाल्या. "थेट आईंच्या घराशी थांबते."

"बसने माणूस पोचतो. विमानाने वेळ वाचतो."

"वाचवून करणार काय?"

"आईबरोबर घालवणार."

सासूचे नाव निघाले की सुनेने गप्प बसायचे, या भक्कम पायावर तो संसार बरीच वर्षे उभा होता.

विमान चालवायला शिकण्यात दोन वर्षांचे सगळे रविवार गेले. त्या काळात आईकडे जाणे अर्थातच जमले नाही. पण ते न जाणे तिच्याचसाठी होते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचे वाईट वाटले नाही. मग विमान आले. पांढरे, अंगावर निळा पट्टा, आत शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डॉक्टरांनी त्याचा फोटो मोठा करून दवाखान्याच्या छताला चिकटवला. पेशंटची नजर तिथेच असते आणि त्याला मान वळवता येत नाही.

शहराबाहेरच्या छोट्या विमानतळावर एक धावपट्टी होती, एक कचेरी होती आणि एक प्रतीक्षाकक्ष होता, ज्यात एक लांब बाक, कुरकुरणारा पंखा आणि चहाची खिडकी होती. विमाने बाळगणारी आणखीही काही प्रतिष्ठित मंडळी तिथे येत. ती वर जात, एक गिरकी घेत, जिथून उडाली तिथेच उतरत आणि उरलेला दिवस त्याविषयी बोलत. कुठे जाऊन आलात, असे तिथे कुणी कुणाला विचारत नसे. ते असभ्यपणाचे समजले जाई.

विमानतळाचे व्यवस्थापक मृदू स्वभावाचे होते. माणसाला नाही म्हणायचे त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते नियमाला म्हणायला लावत.

"कुठे जाणार?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारले.

"डोंगरापलीकडे."

"आणि उतरणार?"

"तिथेच."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे इथे नाही उतरणार?"

"संध्याकाळी उतरेन की."

"आणि मधल्या वेळात?"

"आईकडे जेवेन."

व्यवस्थापक गंभीर झाले. "डॉक्टर, इथून विमानं उडतात ती प्रशिक्षणासाठी, फवारणीसाठी, पाहणीसाठी, नाहीतर हौसेसाठी. आई यातल्या कशात बसते?"

"हौस लिहा."

"हौशी विमानानं जिथून उडालं तिथेच उतरायचं असतं. एकीकडून उडून दुसरीकडे उतरलं, की तो प्रवास झाला. प्रवास फक्त प्रवासी वाहतूक संस्थेला करता येतो."

"मग मला संस्था करून टाका!"

"मी तेच सुचवणार होतो," व्यवस्थापक आनंदाने म्हणाले.

संस्था व्हायला डॉक्टरांना पावसाळा आणि हिवाळा लागला. झाल्यावर ते पुन्हा कचेरीत आले.

"अभिनंदन," व्यवस्थापक म्हणाले. "प्रवासी कुठे आहेत?"

"मीच प्रवासी."

"तुम्ही वैमानिक आहात."

"वैमानिकही मीच."

"प्रवाशाला वैमानिकाच्या कक्षात प्रवेश नाही. तुम्ही वैमानिक म्हणून आत बसणार, म्हणजे प्रवासी म्हणून बाहेर उभे राहणार. आणि प्रवाशाला खाली सोडून संस्थेचं विमान कसं निघेल? लोक काय म्हणतील?"

डॉक्टरांना हे पटले. पटत गेले, हीच त्यांची अडचण होती. त्यांनी घरी जाऊन बाईंना प्रवासी होण्याची विनंती केली. दोन खुर्च्यांच्या मधोमध पडदा लावण्यात आला. डावीकडे वैमानिकाचा कक्ष, उजवीकडे प्रवाशांचा. कापड बाईंनीच दिले, स्वयंपाकघराच्या खिडकीचे.

पहिल्या रविवारी संस्था आणि प्रवासी सकाळीच हजर झाले. संस्थेने प्रवाशाच्या पिशवीची तपासणी केली.

"पिशवीत काय आहे?" डॉक्टरांनी नियमानुसार विचारले.

"तुम्हीच भरलीत ना?"

"प्रश्नाचं उत्तर द्या."

"आईंचा स्वेटर, तुमचा चष्मा आणि आतून आणखी एक पिशवी."

इतके झाल्यावर डोंगरावर ढग आल्याचे कळले. उड्डाणाला उशीर. अशी सूचना संस्थेने प्रवाशांना स्वतः द्यायची असते. डॉक्टर बाकासमोर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बाईंनी मान वर केली. लग्नाला इतकी वर्षे झाली होती, पण हे वाक्य त्या प्रथमच ऐकत होत्या. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले. मग त्या उठल्या आणि भिंतीवर लावलेले प्रवाशांचे हक्क त्यांनी शाळेतल्या शिस्तीने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढले.

"उशीर झाला तर चहा संस्थेनं द्यायचा असतो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी खिडकीवरून चहा आणला.

"बिस्किटं?"

डॉक्टर परत गेले.

"तक्रार कुणाकडे करायची?"

"संस्थेच्या प्रमुखांकडे."

"बोलवा त्यांना."

डॉक्टर दाराबाहेर गेले, शर्ट नीट खोचला आणि प्रमुख म्हणून आत आले. बाईंनी तक्रार सांगायला सुरुवात केली. प्रवाशाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घ्यावे, असा नियम होता आणि व्यवस्थापक दारात उभे होते. तक्रार फक्त त्या दिवसाच्या उशिराची नव्हती. तिच्यात गेल्या खेपेचा घराचा रंग होता, नणंदेच्या लग्नातला प्रसंग होता आणि "बघू" या शब्दाचा वर्षानुवर्षे झालेला वापर होता. ढग केव्हाच निघून गेले होते; तक्रार चालूच होती. शेवटी प्रमुखांनी सुधारणेचे आश्वासन दिले, तेव्हा प्रवासी प्रसन्न मनाने विमानात चढला.

आणि विमान उडाले. हे मात्र सांगायलाच हवे, की ते फार सुंदर उडाले. घरे काड्यापेट्यांएवढी झाली, नदी वळणावळणाने चमकली, घाटाचा रस्ता डोंगरावर दोरा टाकल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांना राहवेना. त्यांनी पडदा बाजूला करून आनंदाने ओरडून सांगितले, "अगं, बघ, बघ! ती आपली बस!"

"पडदा!" बाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

पाऊण तासात आईचे गाव खाली आले. डॉक्टरांनी रेडिओवरून उतरायची परवानगी मागितली.

"आज सुट्टी आहे," खालून आवाज आला. "रविवारी धावपट्टी बंद असते."

"मग तुम्ही कसे बोलताय?"

"बंद आहे हे सांगायला कुणीतरी लागतंच की. मी रविवारचा माणूस आहे."

रविवारच्या माणसाने त्यांना पर्यायी विमानतळावर पाठवले. तो आईच्या गावापासून त्यांच्या स्वतःच्या घरापेक्षाही लांब निघाला. तिथून टॅक्सी. आईच्या दाराशी ती थांबली तेव्हा घरात दिवे लागले होते आणि थोरला दुकानाचे शटर ओढत होता.

"विमानानं आलास होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, चालत निघालास."

आईने दुपारचे झाकून ठेवलेले जेवण गरम केले, मुलाच्या समोर बसली आणि म्हणाली, "वाळलास रे. एवढं वर जायचं म्हणजे काय चेष्टा आहे?" दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्या आळीला सांगायला सुरुवात केली, की धाकटा विमानाने येतो. तो केव्हा येतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी तिकडची धावपट्टी बंद, म्हणून डॉक्टरांनी शनिवारी निघायचे ठरवले. शनिवारी इकडची धावपट्टी हौशी मंडळींच्या गिरक्यांसाठी राखीव होती. शुक्रवारी निघावे, तर शुक्रवारच्या उड्डाणाची वेळ गुरुवारी समक्ष येऊन घ्यावी लागे, आणि समक्ष आल्यावर कळे की ढग आहेत. होता होता डॉक्टरांचा आठवडा विमानतळावर सुरू होऊन तिथेच संपू लागला. पेशंट शोधत शोधत तिथे आले. दाढ दुखणाऱ्याला डॉक्टर बाकावर आडवा करीत, धावपट्टीकडे तोंड वळवीत आणि ठणका कधीपासून आहे ते विचारण्याआधी बाहेर उभे असलेले विमान दाखवीत.

विमान विकून टाकावे, असे बाईंनी सुचवून पाहिले.

"म्हणजे आईला सोडून द्यायचं?" डॉक्टर दुखावून म्हणाले. सासूचे नाव निघालेच होते. शिवाय तक्रारीची सोय त्यांनाही सोडवत नव्हती.

आईला फोन मात्र नेमाने जाई. "निघालोय गं," डॉक्टर बाकावरून सांगत. त्यात खोटे काही नव्हते. घरून ते निघालेलेच असत.

असेच एका रविवारी पर्यायी विमानतळासाठी ढग ओसरायची वाट पाहत दोघे बसले होते. फाटकापाशी बस थांबली. हातात डब्याची पिशवी घेऊन आई उतरली आणि पदर सावरत सरळ प्रतीक्षाकक्षात आली.

डॉक्टर ताडकन उठले. "आई! तू इथं कशी?"

"तू दर वेळेला निघतोस आणि पोचत काही नाहीस," आई म्हणाली. "म्हटलं, वाटेतच गाठावं. हो बाजूला, बसू दे."

तिने बाकावर डबा उघडला. डॉक्टर जेवले, बाई जेवल्या. चहाच्या खिडकीतल्या माणसाने ताटल्या दिल्या. आईने मुलाला दोनदा वाढले, तिसऱ्यांदा न विचारता वाढले. डॉक्टरांना फार दिवसांनी पोट भरल्यासारखे वाटले, आणि ते नुसते जेवणाने नव्हते.

तेवढ्यात आकाश लख्ख झाले. डॉक्टर कचेरीत धावले. "ढग गेले! परवानगी द्या, आईला वरून गाव दाखवतो."

"उड्डाणाचा उद्देश काय सांगितला होता?" व्यवस्थापकांनी विचारले.

"मातृभेट."

व्यवस्थापकांनी दारातून बाकाकडे पाहिले. "तो इथेच पूर्ण झालेला दिसतो. पूर्ण झालेल्या उद्देशासाठी परवानगी कशी देऊ?"

डॉक्टरांना हेही पटले. त्यांनी आईला हात धरून विमानाकडे नेले, उजव्या खुर्चीत बसवले आणि पडदा सारला. आईने काचेतून समोरचे गवत आणि फाटक निरखून पाहिले.

"वरूनही असंच दिसतं का रे?"

"थोडं लहान दिसतं."

"मग हेच बरं," आई म्हणाली.

त्यानंतर ती दर रविवारी सकाळच्या बसने येऊ लागली. पुढे थोरल्यानेही दुकान बंद ठेवले आणि तो तिच्याबरोबर येऊ लागला. आल्या आल्या त्याने विमानाच्या दाराची सैल बिजागरी पिळून दिली. डॉक्टर आता आठवडाभर दवाखान्यात असत आणि रविवारी विमानतळावर. ज्या मायलेकांची वर्षाकाठी एकदा गाठ पडायची मारामार, ती आता दर आठवड्याला पोटभर भेटत होती. तेव्हापासून संस्थेच्या विमानाला एकही अपघात झाला नाही, एकही उशीर झाला नाही आणि त्याचे प्रत्येक न झालेले उड्डाण सफल ठरले. व्यवस्थापकांनी वार्षिक अहवालात त्याचा खास गौरव केला. छोट्या विमानांमुळे कुटुंबे जवळ येतात, असे त्यात लिहिले होते. ते वाचून शहरातल्या आणखी काही कर्त्या मुलांनी विमानांची चौकशी सुरू केली.

व्यवस्थापकही आता त्यांच्या पंगतीला बसत. एकदा आईने त्यांना वाढता वाढता विचारले, "तुमची आई असते का हो?"

"आहे ना. ही पाण्याची टाकी दिसतेय, तिच्या मागच्याच गल्लीत राहते."

"मग रोज भेट होत असेल."

"कुठली!" व्यवस्थापकांनी खिन्नपणे घास खाली ठेवला. "सणावाराला फोन करतो. इच्छा फार आहे हो. पण माझ्याकडे कुठे विमान आहे?"

बाकावरच्या सगळ्यांनी सहानुभूतीने मान हलवली. वाचकांपैकी बहुतेकांची अडचणही हीच असणार, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे.